जांभळ्यावर काळे आकडे

रविवारी आम्ही पुन्हा हरलो, आणि कँटीनमध्ये येऊन बघते तर आन्सेल्मोची खुर्ची टेबलावर उलटी घातलेली. चारही पाय वर.

सालादेरो क्लबाचं कँटीन मी एकतीस वर्षं चालवते आहे. आमचा फुटबॉल संघ जिंको नाहीतर हरो, सामना संपला की त्याच्या मास्तरने लांब टेबलाच्या टोकाशी बसून सभासदांबरोबर जेवायचं, ही रीत माझ्याही आधीची. शिव्या द्यायच्या तर त्याच्या ताटासमोर बसून, तोंडावर द्या. पाठीमागून काय, कुत्रंही भुंकतं. आन्सेल्मो ब्रिझुएला अकरा वर्षं त्या खुर्चीवर बसतो आहे. चौऱ्याण्णव साली आम्ही वरच्या लीगमध्ये गेलो तेव्हा तो कप्तान होता, आणि त्या दिवशी अख्खं गाव नदीत उतरलं होतं, कपड्यांसकट.

मी खुर्ची खाली घेतली, फडक्याने पुसली आणि जागेवर ठेवली.

"कुणाची करामत ही?"

"माझी," कीके लारालदे म्हणाला. कीके आमचा खाटीक. गावातलं मांस त्याच्याकडचं आणि स्टँडमधला आवाजही त्याचाच. "सरळ करू नका ती, दोन्या नेलिदा. तो माणूस यापुढे या टेबलावर जेवणार नाही."

"टेबल काय तुझ्या बापाचं आहे?"

"माझ्या बापाचंच की. त्यानेच बनवलंय."

हे खरं होतं. त्याचा बाप सुतार होता. म्हणून मी जास्तच चिडले.

कीकेच्या पुढ्यात एक कागद होता. ऐंशी सभासदांच्या सह्या झाल्या की कमिटीला सभा बोलवावीच लागते, आणि त्यावर तोपर्यंत बासष्ट झाल्या होत्या. कागदावर दोन ओळी. पहिली: आन्सेल्मो ब्रिझुएला यांना प्रशिक्षक पदावरून काढावं. दुसरी: शेजारच्या एस्तासिओन क्लबाविरुद्धचा सामना विकल्याबद्दल त्यांचं सभासदत्व रद्द करावं.

"दुसरी ओळ खोड," एवारिस्तो म्हणाला. म्हातारा ऐंशीच्या घरातला, क्लबाच्या फाटकावर तिकिटं फाडतो. "पहिलीवर भांडू आपण. दुसरी लिहिताना तुझा हात झडला कसा नाही?"

"म्हातारबा, तुम्ही होता ना त्या दिवशी? काय पाहिलंत सांगा."

"हरलो ते पाहिलं."

"कसे हरलो? एक गोलने पुढे होतो. दहा मिनिटं राहिली होती. आठ नंबर लंगडत होता. मला दिसत होतं, पलीकडे झाडावर चढून बघणाऱ्यांना दिसत होतं, एस्तासिओनच्या गोलरक्षकालाही दिसत होतं! आणि आपल्या मास्तरने बाहेर कुणाला काढलं? तीन नंबरला! दिवसभर एकटा खेळत होता बिचारा. मग त्या लंगड्याच्या पायातून बॉल गेला, एकदा नाही दोनदा, आणि दोन गोल बसले. सगळ्या जगाला दिसतं ते ज्याला दिसत नाही, तो एक तर आंधळा, नाहीतर विकलेला. आणि मास्तर आंधळा? अर्ध्या मैदानावरून ऑफसाइड ओळखणारा माणूस!"

टेबलावरचे सगळे हसले. मी हसले नाही. हातातली ताटं खाली ठेवली.

मला माहीत होतं. मार्चपासून माहीत होतं. आन्सेल्मो माझ्या स्वयंपाकघरात बसून 'माते' हा आमचा कडू चहा करत होता आणि उकळतं पाणी चहाच्या तुंब्यात न पडता त्याच्या बोटांवर पडलं. हात धरून नळाखाली नेला तेव्हा त्याने सांगितलं. साखरेने डोळे खाल्लेत. शहरातल्या डॉक्टरने आणखी काही करता येणार नाही म्हणून सांगितलं. मग त्याने माझ्याकडून वचन घेतलं, माझ्या मेलेल्या नवऱ्याची शपथ घालून. तेव्हापासून मी त्याची मिलानेसा, म्हणजे तळलेला मांसाचा काप, आधीच कापून वाढते, किटलीचा कान त्याच्या हाताकडे वळवून ठेवते, आणि तोंडाला कुलूप.

"आजवर नऊ सामने झाले, एक जिंकला नाही," कीके म्हणत होता. "आणि तेही चौऱ्याण्णवची जर्सी घालून!"

"मग जर्सीच पनवती असेल," कुणीतरी कोपऱ्यातून म्हणालं.

 अपशकुन लागू नये म्हणून कीकेने दोन्ही हात टेबलाच्या लाकडाला लावले. जिंकून दिलेल्या जर्सीला दोष द्यायचा नसतो, हे आमच्याकडे रांगत्या पोरालाही कळतं. एप्रिलमध्ये लीगआधीचे दोन सराव सामने हरल्यावर कीकेनेच ती टूम काढली होती: जांभळी जर्सी, त्यावर काळे आकडे, अगदी चौऱ्याण्णवसारखी. आणि ते बावीस आकडे शिवले होते मी. बोटं भोसकून घेतली होती आणि मिरवलंही होतं.

"नशिबाची जर्सी घालूनही हरतो, म्हणजे माणसातच खोट," कीकेने निकाल दिला. "दोन्या नेलिदा, सही?"

"पहिल्या ओळीला वेगळा कागद कर. आत्ता करते."

एवारिस्तोने चष्मा काढला. "नेलिदा, तूसुद्धा?"

"मीसुद्धा. त्याने जायला हवं. चार सामने राहिलेत, आणखी दोन हरलो तर खालच्या लीगमध्ये जाऊ आणि तिथून वर यायला पुन्हा तीस वर्षं लागतील. जाऊ दे त्याला. पण चोर म्हणून नाही. त्याच्या बापाने जन्माच्या दिवशी त्याचं नाव या क्लबाच्या वहीत घातलंय. सभासद क्रमांक चव्वेचाळीस. ते खोडायला जो हात उठेल, त्याला माझ्या कँटीनमध्ये पाणीसुद्धा मिळणार नाही."

"मग का तीनला काढला त्याने? तुम्ही सांगा कारण!"

मी स्वयंपाकघरात निघून गेले. आयुष्यात वादातून पळाले ती एवढीच वेळ.

सोमवारी दुपारी, गाव झोपलेलं असताना, आन्सेल्मो मागच्या अंगणातून आला. सह्या पुऱ्या झाल्याचं त्याला कळलं होतं. सभा शनिवारी सकाळी दहाला.

अंगणात दोरीवर जर्सी वाळत होत्या. मी दारातून पाहत होते आणि त्याला मी दिसले नव्हते. तो दोन दोऱ्यांच्या मधून चालत होता, आणि प्रत्येक जर्सीच्या पाठीवर तळहात ठेवून बोटाने आकडा चाचपत होता. "पाच," तो पुटपुटला. पुढच्या जर्सीशी थांबला. बोट खालून वर गेलं, वळलं, परत आलं. "आठ." मग आणखी पुढे गेला आणि एका जर्सीशी बराच वेळ उभा राहिला. "आणि हा तू," तो म्हणाला. "तीन."

मी अंगणात आले.

"आन्सेल्मो, आधी दिसायचे का रे आकडे? पांढरे होते तेव्हा?"

तो दचकला, पण खोटं बोलला नाही. "मधलं सगळं पुसलंय, नेलिदा. कडेकडेचं दिसतं. पांढरे होते तेव्हा मान जरा तिरकी केली की कळायचं कोण कुठे ते. जवळचे तर चालीवरून ओळखतो. पण पलीकडच्या कडेला जांभळ्यावर काळं म्हणजे…" त्याने हात झटकला. "डाग पळतात नुसते."

मी पालथ्या बादलीवर बसले. "मी शिवलेत ते."

"छान शिवलेत. हाताला कळतं."

"गाढवा, आधी का नाही बोललास?"

"काय बोलू? नशिबाची जर्सी उतरवा म्हणू? हे लोक विचारतील का. मग?"

"मग खरं सांग! शनिवारी उभा राहा आणि सांग. आठला काढायचं होतं, दिसलं नाही, तीनला काढलं."

"नाही."

"ते तुझं नाव खोडणार आहेत! फाटकातून आत येता येणार नाही तुला. एवारिस्तोला तुला अडवावं लागेल. समजतंय?"

"खोडू देत." त्याचा आवाज चढला. "शिव्या मी खाईन. साठ वर्षं खातोय, पचतात मला. कीव नाही खाणार. आज सगळे मला घाबरतात. उद्या मी आत आलो की आवाज खाली करतील, खुर्ची ओढून देतील, 'सांभाळून हं मास्तर' म्हणतील. त्यापेक्षा चोर बरा."

"मला नाही बरा. माझ्या टेबलावर चोर जेवत नव्हता."

"वचन दिलंयस."

"दिलंय. पाच महिने पाळलंय. आणि पाळता पाळता तुला नऊ सामने हरवलंय, माझ्याच सुईने. शनिवारी दहापर्यंत पाळेन. तू बोललास तर उत्तम. नाहीतर मी बोलेन."

"तसं केलंस तर तुझं तोंड बघणार नाही."

"तसंही तुला कुठे दिसतंय?"

निघून गेलं तोंडातून. त्याच्या ओठांचा कोपरा हलला. पण हसला नाही. गेला तो दोऱ्यांच्या मधूनच, हात पुढे धरून.

शनिवारी बास्केटबॉलच्या मैदानावर छपराखाली खुर्च्या मांडल्या होत्या. एकशे अठरा सभासद आले. इतके तर वार्षिक सभेला फुकट जेवण ठेवलं तरी येत नाहीत. क्लबाच्या सेक्रेटरी देल्फिनाबाई, आमच्या निवृत्त शाळामास्तरीण, टेबलाशी घंटी घेऊन बसल्या. आन्सेल्मो पहिल्या रांगेत, कोटाची बटणं लावून, हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता. त्याच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. मी जाऊन एकीवर बसले. तो सरकला नाही.

कीके वीस मिनिटं बोलला, आणि वाईट बोलला असं म्हणता येणार नाही. त्याचं प्रेम होतं क्लबावर. रागाने त्याची मान लाल झाली होती आणि शेवटी आवाज फाटला. "मी याच्या खांद्यावर बसून चौऱ्याण्णवला नदीत गेलोय," तो म्हणाला. "नऊ वर्षांचा होतो. म्हणून सांगतो. दुसऱ्या कुणी विकला असता तर एवढं लागलं नसतं."

देल्फिनाबाईंनी घंटी वाजवली. "सिन्योर ब्रिझुएला, तुमचं म्हणणं?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"नाही."

घड्याळात अकराला पाच मिनिटं कमी होती. दहाची मुदत मी तासभर वाढवून दिली होती, आणखी कुणासाठी दिली नसती. मी उठले.

"नेलिदा, बस," आन्सेल्मो हळूच म्हणाला.

बसले नाही. 

"त्याला दिसत नाही," मी म्हणाले. "डोळे गेलेत त्याचे. मला मार्चपासून माहीत आहे आणि मी बोलले नाही, त्याने शपथ घातली म्हणून. आठलाच काढायचं होतं. त्याला आकडे दिसले नाहीत. पांढरे होते तोवर दिसायचे. मग आपण ही जर्सी आणली. कीकेने सुचवली, तुम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी शिवली. नऊ सामने तो अकरा जांभळे डाग सांभाळतोय. चोर हवा असेल तर मला धरा. सुई माझी होती."

 मग कीके उठला.

"हे आता नवीन नाटक," तो म्हणाला, पण त्याच्या आवाजात पहिल्यासारखा जोर नव्हता. त्याने अंगातलं जाकीट काढलं. आत त्याने तीच जांभळी जर्सी घातली होती, अर्थात. तो दहा पावलांवर जाऊन पाठ करून उभा राहिला. "किती नंबर आहे, मास्तर?"

"कीके!" देल्फिनाबाई ओरडल्या.

"सांगू दे त्याला. सांगा मास्तर. एकदा सांगा, नेलिदा खोटं बोलतेय म्हणून."

आन्सेल्मो उभा राहिला. मान तिरकी केली, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. त्याला अंदाजाने ठोकता आलं असतं; कीके जन्मभर नऊ नंबर घालत आलाय, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तो नऊ म्हणाला असता तर मी एकशे अठरा माणसांसमोर खोटी पडले असते आणि त्याची लाज झाकली गेली असती.

"तुझे खांदे दिसतायत," आन्सेल्मो म्हणाला. "कान दिसतायत, बापासारखेच मोठे. मधोमध काही नाही, कीके."

कीके वळला नाही. त्याची पाठ हलत होती. मग तो टेबलाशी गेला, कागदावरची दुसरी ओळ इतक्या जोरात खोडली की कागद फाटला, आणि जाऊन शेवटच्या रांगेत बसला.

पहिली ओळ मात्र राहिली. देल्फिनाबाईंनी ती वाचली. पहिला हात मी वर केला. एवारिस्तोने माझ्याकडे पाहिलं, डोळे पुसले आणि केला. एकेक करत शंभरावर हात वर गेले. आन्सेल्मोने केला नाही.

"विरोधात?" देल्फिनाबाईंनी विचारलं.

"मी," आन्सेल्मो म्हणाला. "मला जायचं नाहीये. हे लिहून घ्या."

त्यांनी लिहून घेतलं. तो कोट सारखा करून एकटाच बाहेर गेला, पायरीवर थोडा थांबून, पाऊल चाचपून. कुणीतरी हात द्यायला उठलं. मी त्या उठलेल्याला दंडाला धरून खाली बसवलं.

दुपारभर मी काळे आकडे उसवत बसले, त्यांच्या जागी पांढरे लावायचे म्हणून. राखीव संघाला शिकवणारा एवारिस्तोचा जावई उद्यापासून मास्तर म्हणून बाकड्यावर बसणार होता. त्याचे डोळे ठणठणीत आहेत, त्याला काळे आकडे चालले असते. तरी उसवले. पाचच्या सुमाराला कीके आला, दारात उभा राहिला.

"दोन्या नेलिदा, चौऱ्याण्णवची आहे ती. उद्या काही झालं तर—"

"कात्री घे आणि बस."

"मी हात नाही लावणार. माझ्यात हिंमत नाही."

"सभेत माणसाला पाठ दाखवून नंबर विचारायची हिंमत होती ना? दोरा तोड."

बसला. बैल कापणारे हात ते, बारीक टाक्यांत अडकत होते. प्रत्येक आकडा निघाला की छातीवर क्रूस काढत होता. बाविसावा निघाला तेव्हा त्याने विचारलं, "तो उद्या येईल का हो?"

"माहीत नाही."

खरंच माहीत नव्हतं. माझ्याशी तो बोलला नव्हता.

रविवारी सामना सुरू झाल्यावर मी कँटीनचं शटर खाली ओढलं. सामना चालू असताना एकतीस वर्षांत पहिल्यांदा. मी स्टँडमध्ये मधल्या पायरीवर जाऊन बसले, शेजारी जागा ठेवून. दहा मिनिटं गेली, वीस गेली. मग फाटकाशी एवारिस्तो उठून उभा राहिलेला दिसला. आन्सेल्मो आला होता. त्याने सभासदाचं कार्ड काढून दाखवलं, एवारिस्तोने ते नीट पाहिलं, जसं कुणाचंही पाहतो तसं, आणि आत सोडलं.

तो कठड्याला धरून वर आला.  आवाज खाली गेले, तो म्हणाला होता अगदी तसेच. मग मागून कीके ओरडला, "अहो मास्तर, बसा की खाली! आम्हाला दिसत नाहीये!"

 आन्सेल्मोने वळून त्याच्या आईचा उद्धार केला, आणि माझ्या शेजारी बसला. आवाज पुन्हा चढले.

मध्यंतरापर्यंत तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. बरोबरीत होतो, गोल नाही. उत्तरार्धात तो पुढे वाकला, मान तिरकी केली.

"आकडे बदललेस."

"हो."

"पलीकडच्या कडेला एक मोकळा आहे." डोळे बारीक केले, मान आणखी वळवली. चेहऱ्यावर इतकी आशा होती की मला बघवेना. "दिसतोय. पांढरा दिसतोय. सात. सात आहे ना?"

नऊ होता.

हो म्हणायला काय लागतं? मिलानेसा कापून वाढावी तसं एक हो. पाच महिने मी तेच करत होते.

"नाही," मी म्हणाले. "नऊ."

तो मग मागे टेकला, डोळे मिटले आणि एक शिवी घातली, कुणाला ते कळलं नाही.

"मग त्या नऊला सांग," तो म्हणाला. "कडेला काय झक मारतोय? आत ये म्हणावं."

मी उठले. जेवायला बोलावताना नदीपलीकडे ऐकू जातो तो माझा आवाज. तो सगळा लावला.

"ए नऊ! आत ये!"

नऊने दचकून वर पाहिलं, आणि आत गेला.